घडणावळ शब्दांची : हुपरीच्या चांदीतून तुर्की व्याकरण

हुपरी : कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी या गावाची ओळख चांदीनगरी अशी आहे. पैंजण, तोडे, वाळे, जोडवी, कडदोरे अशा दागिन्यांची घडण येथे आणि आसपासच्या गावांत घरोघरी चालते. एक पैंजण पूर्ण होईपर्यंत अनेक हातांतून जाते. कोणी चांदी आटवतो, कोणी तार ओढतो, कोणी कडीला कडी जोडतो, कोणी घुंगरू बसवतो, तर कोणी शेवटची झिलई देतो. चांदीचा भाव वेगळा आणि या हातांचा मोबदला वेगळा. या मोबदल्याला मराठीत एक नेमका शब्द आहे : घडणावळ.

शहरांतील सराफी दुकानांच्या जाहिरातींत आणि बिलांवर मात्र हा शब्द आता क्वचितच दिसतो. तेथे 'मेकिंग चार्जेस' लिहिलेले असते. इस्तंबूलच्या सराफाकडे गेल्यास त्याच रकमेसाठी तो 'इश्चिलिक' हा शब्द वापरेल. 'इश्' म्हणजे काम, 'इश्चि' म्हणजे काम करणारा आणि 'इश्चिलिक' म्हणजे त्या काम करणाऱ्याची कारागिरी व तिचे मोलही. मूळ शब्दाला दोन प्रत्यय लागले आणि शब्द तयार झाला. 'घड' या धातूपासून 'घडण' आणि 'घडण'पासून 'घडणावळ' अशी मराठीची चालही तीच आहे. दोन दूरच्या भाषांनी एकच गोष्ट सांगण्यासाठी एकाच पद्धतीने शब्द घडवला, हा योगायोग तुर्की व्याकरण समजून घेण्याची सोपी वाट दाखवतो. त्याबरोबरच मराठीच्या एका दुर्लक्षित शक्तीकडेही तो लक्ष वेधतो.

साखळीची रचना

तुर्की भाषा अवघड मानली जाते, ती मुख्यतः तिच्या लांबलचक शब्दांमुळे. प्रत्यक्षात त्या शब्दांची रचना अत्यंत नियमबद्ध आहे. मूळ शब्द पुढे राहतो आणि त्याच्यामागे एकेक प्रत्यय ठरलेल्या क्रमाने जोडला जातो. प्रत्येक प्रत्ययाचा अर्थ बहुधा एकच असतो आणि दोन प्रत्ययांमधील सांधा स्पष्ट दिसतो. अशा भाषांना भाषाशास्त्रात योगात्मक भाषा म्हणतात. तुर्की व्याकरण पाहिल्यावर ते विद्वानांच्या एखाद्या सभेने विचारपूर्वक ठरवल्यासारखे वाटते, अशा आशयाचे कौतुक माक्स म्युलर यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषाशास्त्रावरील व्याख्यानांत केले होते.

हुपरीच्या व्यवसायातीलच उदाहरण घेऊ. तुर्कीत चांदीला 'ग्युम्युश' म्हणतात. त्यातील 'यु' हा स्वर मराठीत नाही. जीभ 'ई' म्हणण्याच्या स्थितीत ठेवून ओठ 'ऊ'प्रमाणे गोल केले, की तो उमटतो. आता या शब्दामागे प्रत्यय लावत जाऊ :

ग्युम्युश : चांदी
ग्युम्युश-च्यु : चांदीचे काम करणारा
ग्युम्युश-च्यु-ल्युक : चांदीकामाचा व्यवसाय
ग्युम्युश-च्यु-लेर : चांदीकाम करणारे
ग्युम्युश-च्यु-लेर-इमिझ : आमचे चांदीकाम करणारे
ग्युम्युश-च्यु-लेर-इमिझ-देन : आमच्या चांदीकाम करणाऱ्यांकडून

शेवटच्या ओळीतील शब्दात पाच घटक आहेत : चांदी, कर्ता, अनेकवचन, 'आमचे' हा संबंध आणि 'कडून' ही विभक्ती. एकाही घटकाने दुसऱ्याचे रूप मोडलेले नाही. मराठीतील 'लोहार' किंवा 'सोनार' या शब्दांशी याची तुलना करून पाहावी. लोहकार आणि सुवर्णकार या संस्कृत शब्दांतील 'कार' काळाच्या ओघात झिजून केवळ 'आर' उरला आणि मूळ शब्दात मिसळून गेला. कुंभार आणि चांभार यांचेही तसेच झाले. आज 'सोनार' हा शब्द बोलणाऱ्याला अखंड वाटतो. त्यातील जोड दिसत नाही. तुर्कीत 'देमिर' म्हणजे लोखंड आणि 'देमिर-जि' म्हणजे लोहार. येथील जोड शाळकरी मुलालाही दाखवता येतो.

हाच कर्तादर्शक प्रत्यय तुर्की बाजारपेठेत जागोजागी भेटतो. दूध म्हणजे 'स्युत', दूधवाला 'स्युतच्यु'. चहा म्हणजे 'चाय', चहावाला 'चायजि'. इस्तंबूलच्या प्रसिद्ध छत असलेल्या बाजारातील सराफांच्या मुख्य रस्त्याचे नाव 'कल्पाकचिलार' असे आहे. 'कल्पाक' नावाच्या टोप्या करणाऱ्यांवरून ते पडले. टोप्या गेल्या, सराफ आले. पण नाव राहिले. पुण्याच्या तांबट आळीसारखी किंवा कोल्हापूरच्या गुजरीसारखी ही स्थलनामे व्यवसायांची आठवण जपून ठेवतात.

स्वरांची शिस्त

एकच प्रत्यय कधी 'जि', कधी 'च्यु', कधी 'चि' का होतो, असा प्रश्न नव्याने तुर्की शिकणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर स्वरसंवादात आहे. तुर्कीतील आठ स्वरांचे दोन गट पडतात. ए, इ आणि ओठ गोल करून उच्चारलेले त्यांचे दोन भाऊ हे जिभेच्या पुढच्या भागातून निघतात. आ, ओ, उ आणि ओठ न गोलावता मागून उच्चारलेला एक 'इ'सारखा स्वर हे मागच्या भागातून निघतात. मूळ शब्दाचा शेवटचा स्वर ज्या गटातील असेल, त्याच गटातील स्वर प्रत्ययाने घ्यायचा असतो. म्हणून 'एव' म्हणजे घर आणि 'एव-लेर' म्हणजे घरे. परंतु 'आत' म्हणजे घोडा आणि 'आत-लार' म्हणजे घोडे. अनेकवचनाचा प्रत्यय एकच, फक्त त्याने मूळ शब्दाचा स्वर पाहून आपला स्वर बदलला.

व्यंजनांतही अशीच तडजोड आहे. शेवटी श, त, क, प यांसारखे कठोर व्यंजन असले तर 'ज'चा 'च' होतो. म्हणून 'देमिर'पुढे 'जि', पण 'ग्युम्युश'पुढे 'च्यु'. हा 'ज' जीवनातील आहे आणि 'च' चंद्रातील. मराठी माणसाने जहाजातला 'ज' किंवा चुलीतला 'च' उच्चारला, तर तुर्की कानाला तो खटकेल. अपवाद तुर्कीतही आहेत. अनेक शब्दांतील अखेरचा 'क' स्वर पुढे आला की मृदू होतो, आणि अरबी-फारसीतून आलेले काही शब्द स्वरसंवाद पाळत नाहीत. तरीही नियमांच्या तुलनेत अपवादांची संख्या थोडी आहे.

हुपरीकर आणि हुपरीलि

महाराष्ट्रात गावाच्या नावाला 'कर' लावून माणसाची ओळख सांगण्याची रीत आहे. हुपरीचा तो हुपरीकर, कोल्हापूरचा तो कोल्हापूरकर. तुर्कीत हेच काम 'लि' हा प्रत्यय करतो. इझ्मिरचा रहिवासी 'इझ्मिरलि', इस्तंबूलचा 'इस्तंबूललु'. हा प्रत्यय केवळ गावापुरता नाही; 'असलेला' असा त्याचा व्यापक अर्थ आहे. साखर म्हणजे 'शेकेर', साखर घातलेला चहा 'शेकेरलि चाय'. याच्या उलट 'सिझ' म्हणजे 'नसलेला'. म्हणून बिनसाखरेचा चहा 'शेकेरसिझ चाय'. मराठीत नकार दाखवणारे 'बिन', 'नि', 'अ' हे शब्दाच्या आधी येतात. तुर्कीला आधी काही जोडणे जवळजवळ मान्यच नाही. जे काही जोडायचे ते मागे.

तुर्की शिकणाऱ्यांना एक लांब शब्द गमतीने नेहमी सांगितला जातो. एखाद्या देशाचे नाव घेऊन त्याच्यामागे दहा-अकरा प्रत्यय लावले जातात. देशाऐवजी हुपरी हे नाव घेतले, तर तो शब्द असा तयार होईल :

हुपरी
हुपरी-लि : हुपरीकर
हुपरी-लि-लेश : हुपरीकर होणे
हुपरी-लि-लेश-तिर : हुपरीकर करणे
हुपरी-लि-लेश-तिर-ए-मे : हुपरीकर करू न शकणे
हुपरी-लि-लेश-तिर-ए-मे-दिक : हुपरीकर करता न आलेला
हुपरी-लि-लेश-तिर-ए-मे-दिक-लेर-इमिझ : आम्हाला हुपरीकर करता न आलेले लोक
हुपरी-लि-लेश-तिर-ए-मे-दिक-लेर-इमिझ-देन मि-सिनिझ?

अर्थ : आम्हाला हुपरीकर करता न आलेल्या लोकांपैकी आपण आहात का?

असा शब्द रोजच्या व्यवहारात कोणी बोलणार नाही. पण तो ऐकणाऱ्या तुर्की माणसाला अर्थ समजेल, आणि तोही पूर्वी कधी न ऐकलेल्या गावाचे नाव त्यात असताना. व्याकरणाचे सामर्थ्य ते हेच. 'हुपरी'चा शेवटचा स्वर पुढच्या गटातील असल्यामुळे मागचे सारे प्रत्ययही त्याच गटातील आले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

घरात, घरांत

मराठी वाचकाला तुर्की विभक्ती परकी वाटण्याचे कारण नाही. 'एव' म्हणजे घर, 'एव-दे' घरात, 'एव-देन' घरातून, 'एव-इन' घराचा, 'एव-ए' घराकडे. शब्दयोगी अव्यये दोन्ही भाषांत नामानंतर येतात आणि वाक्यात क्रियापद शेवटी बसते. तुर्की वाक्य शब्दशः मराठीत मांडले तरी बहुधा क्रम बदलावा लागत नाही.

मोठा फरक सामान्यरूपाचा आहे. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे रूप बदलते. घर-घरा-घरात, मुलगा-मुला-मुलाला, पाणी-पाण्या-पाण्यात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ मधील व्याकरणापासून ते मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत अभ्यासकांनी ही रूपे बारकाईने मांडली. त्यातच नामाला तीन लिंगे. तुर्कीत लिंगभेद नाही. तो, ती आणि ते या तिघांसाठी 'ओ' हे एकच सर्वनाम आहे. त्यामुळे 'चा-ची-चे'सारखी जुळणी तेथे करावी लागत नाही.

अनेकवचनात हा फरक आणखी ठळक होतो. 'एव-लेर-दे' म्हणजे घरांत. यात अनेकवचन आणि विभक्ती वेगवेगळी दिसतात. मराठीत 'घरात' आणि 'घरांत' यांतील भेद एका अनुस्वारावर उभा आहे. तो टिंब गळला की एक घर की अनेक घरे, हे वाक्यावरून ओळखावे लागते. मुद्रितशोधकांनाही चकवणारा हा बारकावा आहे.

हुपरीपासून कर्नाटकाची हद्द जवळ आहे. सीमाभागातील अनेकांच्या कानांवर कन्नड असते. कन्नडमध्ये घर म्हणजे 'मने', घरे 'मनेगळु' आणि घरांत 'मनेगळल्लि'. मने, गळ, अल्लि असे तीन घटक, तुर्कीप्रमाणेच एकामागोमाग एक. या साम्यामुळेच रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्राविडी भाषांच्या तौलनिक व्याकरणात या भाषांचा संबंध तुर्कीसह मध्य आशियाई भाषांशी जोडण्याचा प्रयत्न केला होता. तो संबंध आज मान्य नाही. रचना सारखी असणे म्हणजे घराणे एक असणे नव्हे. तथापि, कन्नड कानावर पडलेल्या सीमाभागातील विद्यार्थ्याला तुर्कीची घडण इतरांपेक्षा लवकर उमगावी, असे मानायला जागा आहे.

'आला' आणि 'आला म्हणे'

क्रियापदांतही साखळी तीच. 'गेल' म्हणजे ये. 'गेल-दि-म' आलो, 'गेल-मे-दि-म' आलो नाही, 'गेल-ए-मे-दि-म' येऊ शकलो नाही. मराठीत नकार आणि शक्यता यांसाठी वेगळे शब्द लागतात. तुर्कीत ते क्रियापदाच्या पोटात शिरतात. प्रयोजक क्रियापदांत मात्र दोन्ही भाषा जवळ येतात. बस-बसव, शिक-शिकव, घड-घडव यांतील 'व' जे काम करतो, तेच तुर्कीतील 'दिर' किंवा 'त' करतो. 'ओकु' म्हणजे वाच किंवा शीक, 'ओकुत' म्हणजे शिकव.

तुर्की क्रियापदाचे एक वैशिष्ट्य वृत्तपत्राच्या वाचकांना विशेष रोचक वाटेल. 'गेल-दि' म्हणजे तो आला. सांगणारा ते खात्रीने सांगतो. 'गेल-मिश' म्हणजे तो आला म्हणे. सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिलेले नाही, ऐकले आहे किंवा खुणांवरून ताडले आहे. पाहिलेले आणि ऐकलेले यांतील भेद तुर्कीत प्रत्ययानेच नोंदवावा लागतो. मराठीचे 'म्हणे' आणि कन्नडचे 'बंदनंते' यातील 'अंते' हेच सुचवतात. फरक एवढाच, की मराठीत 'म्हणे' गाळण्याची मुभा आहे.

मराठीत राहिलेले तुर्की प्रत्यय

तुर्की प्रत्यय मराठीला अगदीच अनोळखी नाहीत. काही आपल्याच घरात शतकानुशतके राहत आहेत. तोपची, मशालची, खजानची, बावर्ची या शब्दांतील 'ची' म्हणजे ग्युम्युशच्युमधील 'च्यु' आणि देमिरजिमधील 'जि' यांचाच भाऊ. तुर्कीत तोफेला 'तोप' म्हणतात आणि तोफ डागणाऱ्याला 'तोपचु'. हा प्रत्यय फारसीच्या मार्गाने दख्खनमध्ये आला. मराठीतील 'ची' हा षष्ठीचा प्रत्यय वेगळा. दोघांचे रूप सारखे असले तरी नाते नाही.

या प्रवासाची साक्ष देणारी एक प्रचंड वस्तू आजही पाहता येते. विजापूरच्या तटावरील 'मलिक-ए-मैदान' ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ती ओतणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावापुढे 'रूमी' असे आहे. उस्मानी साम्राज्याच्या प्रदेशातून आलेल्यांना तेव्हा रूमी म्हणत. तोफ, तिचे तंत्र आणि तिचे शब्द अशा लोकांबरोबरच दख्खनमध्ये रुजले. कोल्हापूरजवळचा पन्हाळा शिवछत्रपतींनी १६५९ मध्ये घेतला तेव्हा हा मुलूख आदिलशाहीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे येथील बोलीत हे शब्द कसे मुरले, याचा उलगडा होतो.

'चकमक' हा शब्दही असाच. तुर्कीत 'चाक-माक' म्हणजे आघात करणे, ठिणगी पाडणे. त्यातील 'माक' हा मराठी 'णे'सारखा धातुसाधित प्रत्यय आहे. मराठीने अख्खा शब्द उचलला आणि गारगोटीपासून रणांगणावरील झटापटीपर्यंत त्याचा अर्थ वाढवला. 'बेगम' या शब्दातील अखेरचा 'म' हा तुर्कीतील 'माझा-माझी' दाखवणारा प्रत्यय मानला जातो. मराठी माणूस हे शब्द बोलताना नकळत तुर्की व्याकरण वापरत असतो.

दोन्ही भाषांनी फारसीकडूनही उसनवारी केली. तुर्कियेच्या ईशान्य भागात 'ग्युम्युशहाने' नावाचे शहर आहे. एकेकाळी तेथे चांदीच्या खाणी होत्या. ग्युम्युश म्हणजे चांदी आणि 'हाने' म्हणजे आपल्या कारखाना, दवाखाना, तोफखाना यांतील 'खाना'. हुपरीच्या कारागिराला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये : चांदीखाना.

शब्द घडवण्याची मोहीम

उसन्या शब्दांचे काय करायचे, हा प्रश्न दोन्ही भाषांपुढे आला. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला आणि दरबारी व्यवहारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, महापौर यांसारखे शब्द त्यातून रूढ झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले माधव जूलियन, म्हणजेच माधव त्र्यंबक पटवर्धन, यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला. पुढे हेच फारसीचे जाणकार भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले.

तुर्कस्तानात हे काम सरकारने हाती घेतले. १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली. १९३२ मध्ये मुस्तफा कमाल अतातुर्क यांनी भाषामंडळाची स्थापना केली. अरबी-फारसी शब्दांच्या जागी तुर्की धातूंना तुर्की प्रत्यय लावून नवे शब्द आणले गेले. विमानासाठी 'तय्यारे' हा शब्द होता. त्याजागी 'उच' म्हणजे उडणे या धातूपासून 'उच-आक' आला. 'दुर' म्हणजे थांबणे, त्यावरून बसचा थांबा 'दुर-आक'. मराठीने 'थांब'पासून 'थांबा' केला, तीच युक्ती. संगणकासाठी तुर्कीने 'बिल्गिसायार' हा शब्द केला : 'बिल्गि' म्हणजे माहिती आणि 'सायार' म्हणजे मोजणारा. मराठीच्या 'संगणक' शब्दातही गणना करणाराच आहे. फरक असा, की तुर्की शब्दाचे दोन्ही घटक तुर्की बोलणाऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. मराठी शब्दाचे घटक संस्कृतमधून आलेले आहेत.

या मोहिमेची किंमतही तुर्कस्तानने मोजली. अतातुर्क यांनी १९२७ मध्ये सहा दिवस मिळून छत्तीस तास केलेले भाषण पुढच्या पिढ्यांना समजेना, म्हणून ते आधुनिक तुर्कीत पुन्हा उतरवावे लागले. जेफ्री लुईस या अभ्यासकाने १९९९ मध्ये या सुधारणेवर पुस्तक लिहिताना तिला अनर्थकारी यश असे संबोधले. आजोबांची भाषा नातवाला परकी व्हावी इतक्या वेगाने शब्द बदलणे हे एक टोक झाले. स्वतःच्या प्रत्ययांनी शब्द घडवणेच सोडून देणे हे दुसरे.

मराठीची घडण कोठे टिकून आहे?

मराठीत ही शक्ती नाही असे नाही. बोलणारा माणूस ती सहज वापरतो. डॉक्टर हा शब्द आला आणि पाटीलकीच्या चालीवर डॉक्टरकी तयार झाली. तुर्कीत नेमके हेच 'दोक्तोर-लुक' झाले. फोन आला आणि फोनाफोनी सुरू झाली. एसटीतून, रिक्षाने, टेबलाखाली, ऑफिसात ही सारी रूपे परक्या शब्दाला मराठी करणारी आहेत. शब्द कोठून आला यापेक्षा त्याला कोणाचे प्रत्यय लागतात, यावर तो कोणाचा झाला हे ठरते.

चिंता आहे ती येथेच. 'टेबलावर'चे 'टेबलवर' आणि 'ऑफिसात'चे 'ऑफिसमध्ये' होते, तेव्हा सामान्यरूप हळूहळू मागे पडते. हा भाषेतील स्वाभाविक बदल म्हणता येईल. परंतु शब्द घडवणारे प्रत्यय निजले तर नुकसान अधिक. 'आवळ' हा असाच एक प्रत्यय. दळण्याचा मोबदला दळणावळ, शिवण्याचा शिवणावळ, धुण्याचा धुणावळ, घडवण्याचा घडणावळ. खाणावळ याच घराण्यातली. एका प्रत्ययाने कष्टाचे मोल सांगणारे शब्दांचे कुटुंब उभे केले. शिवणावळीची जागा बहुतेक ठिकाणी शिलाईने घेतली. घडणावळीची जागा मेकिंग चार्जेस घेत आहेत. या प्रत्ययापासून नवा शब्द घडताना फारसा ऐकू येत नाही.

हा प्रश्न केवळ भाषाप्रेमाचा नाही. तो व्यवहाराचाही आहे. संगणकावर 'हुपरी' असा शोध घेतला, तर 'हुपरीत', 'हुपरीला', 'हुपरीकरांनी' ही रूपे यंत्राला ओळखता आली पाहिजेत. त्यासाठी प्रत्यय सोडवून मूळ शब्द काढणारी आज्ञावली लागते. तुर्कीसाठी केमाल ओफ्लाझर यांनी अशी मांडणी १९९४ मध्येच प्रसिद्ध केली. मराठीसाठी मुंबईच्या आयआयटीत हे काम झाले आहे. सामान्यरूपामुळे मराठीतील काम अधिक गुंतागुंतीचे ठरते. तुर्कीने लेखनातही एक सोय केली आहे. विशेषनामाला विभक्ती लावताना मध्ये वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखे चिन्ह देतात, त्यामुळे गावाचे वा व्यक्तीचे मूळ नाव अबाधित दिसते. मराठीत 'पुण्याला' या शब्दातून 'पुणे' शोधणे यंत्राला शिकवावे लागते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हा गौरव भूतकाळातील ग्रंथसंपदेचा आहे. भाषेचा पुढचा प्रवास मात्र तिचे प्रत्यय नव्या शब्दांना लागत राहतात की नाही, यावर अवलंबून राहील. तुर्कीचा अभ्यास करणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते, की 'जि' हा प्रत्यय ठाऊक असला तर शेकडो व्यवसायांची नावे न शिकता समजतात. मराठी मुलाला 'आवळ', 'की', 'णूक', 'ईव' हे प्रत्यय तसेच समजावून दिले, तर घडण, घडीव, घडवणूक, घडणावळ हे शब्द पाठ करावे लागणार नाहीत. ते एकमेकांतून आपोआप उलगडतील.

हुपरीच्या घराघरांत आजही कडीला कडी जोडली जाते आणि तिचा मोबदला ठरतो. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या बिलावर त्या मोबदल्याला काय म्हणायचे, हे दुकानदाराच्या हाती आहे. 'मेकिंग चार्जेस' लिहिल्याने दागिन्याची किंमत बदलत नाही. 'घडणावळ' लिहिले तर मात्र ती रक्कम कोणाच्या हातांची आहे, हे शब्दातूनच वाचता येते.